पत्र्याची कुरोनामी

काष्टीजवळच्या वस्तीवर याकोब यांच्या पडवीत दोन हात लांबीची जपानी विनाशिका, म्हणजे लढाऊ नौका, उभी होती. तेलाच्या डब्यांच्या पत्र्याची, तोफा सायकलच्या स्पोकच्या. उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या हातची. सांध्यातून थेंब शिरला नसता. याकोब यांना ती बुडवायची होती.

त्यांचे वडील नोहा मालवाहू बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. १९४२ साली, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, बंगालच्या उपसागरात ‘कुरोनामी’ नावाच्या जपानी विनाशिकेनं ती बोट बुडवली. याकोब तेव्हा आईच्या पोटात. पुढं दर ईस्टरला वस्तीतली माणसं आपापल्या थडग्यांना चुना लावत, फुलं वाहत. याकोब यांची आई रतनबाई दफनभूमीच्या फाटकाशीच थांबायची. तिला चुना लावायला दगडच नव्हता. “ती जपानी बोट तरी बुडली का रं?” हे ती मरेपर्यंत विचारत राहिली.

उत्तर नात शॅरनच्या मोबाईलवर सापडलं. याकोब यांनी तिला एकच अट घातली.

“शेवट सांगू नको. आधी पुरती जगू दे तिला. मग मारतो.”

मग शॅरन एकेक साल वाचायची आणि पडवीतली नौका तसतशी जगायची. १९३९ला पाण्यात उतरली, पुढच्या वर्षी तोफा बसल्या. १९४३ला सॉलोमन बेटांपाशी टॉर्पेडोनं तिचं नाक उडवलं. याकोब यांनी कातरीनं नाक उडवलं आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. पुढच्या रविवारी शॅरननं वाचलं, की गोदीत तिला नवं नाक बसवलं.

“मी न्हाई जोडनार.”

“आबा, जोडलं नाही तर ती पुढं जगणार कशी?”

शिव्या देत त्यांनी नवं नाक जोडलं.

बुडवायला शेजारच्या कानिफनाथचं शेततळं ठरलं. “नाना, माझे मासे मेले तर भरपाई जपानकडनं आनायची का?” कानिफनाथ हसला.

“समुद्रातल्यांनी माजा बाप खाल्ला. तुजे मेले तर मला सांगू नको.”

१९४५वर येऊन शॅरन अडखळली. कधी परीक्षा, कधी नेट नाही म्हणत पुढचं टाळायची. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याकोब नौका काखोटीला मारून निघाले, तेव्हा ती वाटेत उभी राहिली.

“आबा, ती बुडलीच नाही.”

“म्हंजे?”

“युद्ध संपलं तेव्हा ती धक्क्याला होती. मग तोफा काढल्या आणि बेटांवर अडकलेले सैनिक तिनं घरी पोचवले.”

“घरी,” याकोब म्हणाले. त्यांच्या बोटांखाली पत्रा चेपला. “आता कुटं हाय?”

“कुठंच नाही. १९४८ला गोदीत तिचे तुकडे केले. भंगारात काढली. तिच्या जोडीची नौका बुडाली, तिथं अजून माणसं होडीतनं जाऊन फुलं सोडतात. हिचं तसं काही नाही.”

कानिफनाथनं खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या नाना. आपन बुडवू की. कोन बघतंय?”

“बुडवायची न्हाई.” याकोब मागं फिरले होते. “बुडली की तिला जागा मिळती. फुलं टाकायला.”

पडवीत बसून त्यांनी कातर घेतली. पहिलं कापलं ते स्वतः जोडलेलं नाक. दुपारपर्यंत पत्र्याचा ढीग झाला. शॅरननं एक स्पोक उचलला.

“एवढी तोफ ठेवू, आबा?”

“ठिवली तर तेच थडगं. टाक त्यात.”

रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजत होता, “भंगार द्या, लसूण घ्या!” टेम्पोवाल्यानं पत्रा चाळवला. “खेळनं हुतं वाटतं, बाबा. चांगलं असंल. कापलं कशापायी?”

“तिकडं बी असंच कापलं. वजन कर.”

पसाभर लसूण मिळाला. याकोब यांनी तो स्वतः सोलला, मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटला, भाकरीवर घेतला. डोळ्यांतून पाणी येईतो खाल्ला. कानिफनाथ पाण्याचा तांब्या पुढं करत होता. त्यांनी तो बाजूला सारला.

“आनखी वाढ,” ते शॅरनला म्हणाले, आणि पाट्याजवळची लसणाची टरफलं गोळा करून चुलीत टाकली.