डावीकडचा शत्रू

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईंना सगळे अजून हॅलोमावशीच म्हणतात. निवृत्त झाल्यावर मावशींनी व्हायोलिन पुन्हा हातात घेतलं, आणि जन्मभर पुलांचे नकाशे काढलेल्या काकांनी कॉम्प्युटरवरच्या खेळातली बंदूक. कॉम्प्युटर मात्र दोघांत एकच. सकाळी त्यावर मावशींचं रेकॉर्डिंग, दुपारी काकांची लढाई.

हल्ली काका रोज मरत होते.

"अगं, डावीकडून येतो आणि गोळी घालून जातो मेला! पाऊलसुद्धा वाजत नाही त्याचं. साउंड कार्डच गेलंय."

मावशींच्या रेकॉर्डिंगमध्येही तारांमागे सतत घूं घूं चालायची. त्यामुळे नवीन कार्ड घेण्यावर दोघांचं चक्क एकमत झालं.

"नातवासाठी का?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"नाही, ह्यांच्यासाठी. हे बंदुका चालवतात," मावशी म्हणाल्या.

बाईंनी हसू दाबत दोन वस्तू मांडल्या. एक कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, रंगीत दिव्यांचं कार्ड. म्हणे सात दिशांचा आवाज. दुसरी बाहेरून वायरीनं जोडायची साधी काळी डबी, माइकची जागा असलेली. काकांचा जीव दिव्यांवर जडला. त्यांनी हेडफोन चढवला, बाईंनी खेळातली पावलं गोल फिरवली.

"कुठून येताहेत?"

"उजवीकडून."

"आता?"

"उजवीकडूनच. अहो, हेही बिघडलेलंच दिसतंय!"

डबीवरही तेच. मग मावशींनी हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. पावलं शहाण्यासारखी चहूकडून फिरत होती. त्यांनी तो काकांना उलटा घातला, डावा उजवीकडे.

"आता?"

"उजवीकडून."

"लाइन चोख आहे," मावशी म्हणाल्या. "दोष ग्राहकाच्या टोकाला आहे."

 काकांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. कोपऱ्यावरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाईपर्यंत त्यांनी मावशींची पिशवी आपल्याच हातात घट्ट धरून ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि हसत चिमटा उचलला. निघाला तो वाटाण्याएवढा मळाचा बोळा! रस्त्यावर येताच काका दचकून थांबले.

"एवढा गोंगाट असतो रोज?"

"असतो. तुम्ही सोडून सगळे ऐकतो."

दुकानात परत आल्यावर काकांनी दोन्ही वस्तू नव्यानं ऐकल्या. पावलं दोन्हींत स्वच्छ कळत होती. मावशींनी माइकसमोर गुणगुणून पाहिलं, तर दिवेवाल्या कार्डात बारीक घूं घूं उरलीच. "कॉम्प्युटरच्या पोटातली खरखर त्यात शिरते," बाईंनी सांगितलं. डबीत नुसता आवाज होता, जसाच्या तसा.

"घे डबीच," काका म्हणाले. "कान दोन, त्याला सात दिशा कशाला?"

दुसऱ्या दिवशी काकांनी डावीकडच्या शत्रूला तो यायच्या आधीच गाठलं. मग खुशीत येऊन मावशींचं ताजं रेकॉर्डिंग लावलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, दुसऱ्या ओळीत सूर जरा उतरलाय का?"

मावशींनी परत ऐकलं. उतरला होता.

"मग इतके दिवस वा वा कशाला करत होता?"

"तुला वाजवताना बघून."

मावशींनी गाल फुगवले, तारेची खुंटी पिळली आणि पहिल्यापासून वाजवायला घेतलं.