तात्यांचा हॉर्न

वळायच्या आधी तोंडानं हॉर्न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शेळगावातले आमचे शेजारी, हॉर्नतात्या. पोकलेनवर, म्हणजे माती खोदायच्या यंत्रावर, ऑपरेटर होते. केबिनमधून मागचा माणूस दिसत नाही, म्हणून यंत्र फिरवण्याआधी दोनदा हॉर्न द्यायचा, ही त्यांच्या कामातली शिस्त. तात्यांनी ती घरी आणली. पंगतीतून उठताना "पों पों", देवळात प्रदक्षिणेला वळताना "पों पों". नवखा माणूस दचकून भिंतीला चिकटायचा. तात्या म्हणायचे, "आधी हॉर्न, मग वळण. माझ्या हातनं आजवर कोंबडीबी मेली न्हाय."

तात्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. भाचीच्या लग्नाला बारामतीला निघताना त्यांनी तात्यांना गळ्याची शपथ घातली, आज तोंडातून आवाज काढायचा नाही. बिचाऱ्यांनी शब्द पाळला. आहेर देऊन स्टेजवर मुकाट्यानं मागं वळले, फोटोग्राफरला धडकले आणि थेट खाली जिलेबीच्या परातीत. फोटोग्राफर वाचला, तात्यांचं उजवं मनगट मोडलं. वर त्या पठ्ठ्यानं फोटोही काढला होता.

प्लास्टर निघेपर्यंत तात्या पंगतीत डाव्या हातानं आमटी वाढायचे. पळी भरायची, उचलायची, हॉर्न, मग फिरवून ओतायची. माझ्या शर्टावर त्या दिवसांचे डाग अजून आहेत. मनगटापायी जुनं काम सुटलं. पुढं नव्या कामासाठी बारामती-इंदापूर पालथं घातलं, पण जो तो मालक आधी मनगट बघायचा, मग पिकल्या मिशा बघायचा आणि "फोन करतो" म्हणायचा. फोन कुणाचा यायचा नाही. हळूहळू तात्या पंगतीतून गुपचूप उठायला लागले.

शेवटी निमगाव केतकीच्या एका मालकानं चाचणी घ्यायचं कबूल केलं. त्यांना सगळे आबा म्हणत. अंथुर्ण्यात शेततळ्याचं काम होतं. माझ्या मोटरसायकलवर मधे तात्या, मागं काकू, असे आम्ही पोचलो.

तात्यांनी यंत्र सुरू केलं. बकेट मातीत अशी अलगद शिरली की आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. बकेट भरली, वर आली आणि तिथंच थांबली. हॉर्न वाजत नव्हता. आबा म्हणाले, तो कधीचाच बंद आहे, फिरवा तुम्ही.

"हॉर्नबिगर न्हाय फिरवायचं, आबा."

"हात भ्यालाय म्हणा की सरळ," आबा म्हणाले आणि गाडीकडं निघाले.

मला तात्यांचा असा राग आला! अरे बाबा, एवढ्या महिन्यांनी घास तोंडाशी आलाय, फिरव की एकदाचं! इतक्यात काकूंनी पदर खोचला, यंत्राच्या मागं गेल्या आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "पों! पों!"

ढिगाऱ्याआड चहा पीत बसलेले दोन मजूर कप टाकून पळाले. तात्यांनी बूम, यंत्राचा तो लांब हात, फिरवला. माती पडली ती बरोब्बर त्या कपांवर.

आबा गाडीकडनं परत आले आणि त्या मातीतून एक चेपलेला कप उपसून काढला. मग म्हणाले, "उद्यापास्नं या. हॉर्न मी बसवून घेतो."

परवा तात्या त्याच यंत्राबरोबर लांबच्या कामाला गेले. यंत्र लादलेला ट्रेलर आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळायला लागला, तसं खिडकीतून डोकं काढून तात्यांनी तोंडानं हॉर्न दिला. सगळी गल्ली दारात उभी होती. काकूंनी डोळे पुसले आणि अजिबात न लाजता उलट हॉर्न दिला.