टॉवेलच्या कोपऱ्यातला हिरवा टाका

माझा एक लेख एका वाचकाने मनापासून वाचला, त्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

एकाहत्तर-बाहत्तरचा काळ. मी नगरच्या एका साप्ताहिकात समाजाला शहाणं करणारं सदर लिहीत असे. (समाजाने तशी विनंती केलेली नव्हती.) त्यात एकदा आहेराच्या टॉवेल-टोपीवर तुटून पडलो. हा टॉवेल कुणी अंगाला लावत नाही, तो नुसता लग्नं हिंडतो! पटत नसेल तर कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालून द्या आणि तोच परत येतो का पाहा, असं वर आव्हानही दिलं.

पुढे धाकट्या सुमनचं लग्न पाथर्डीकडे ठरलं. सुपारी फुटली तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामांनी मला टॉवेल-टोपी दिली. ती आईने नेहमीप्रमाणे ट्रंकेत टाकली. लग्नाच्या दिवशी त्याच ट्रंकेतून आहेर निघाला आणि मीच तो, चांगला वाकून, मामांच्या हातात दिला.

मामांनी टॉवेलची घडी उलगडली. कोपऱ्यात हिरवा टाका!

"तुमचा लेख वाचून मीच घातला हुता," मामा शांतपणे म्हणाले आणि मांडव सोडून लिंबाखाली जाऊन बसले. मामा पाठीशी उभे राहिल्याशिवाय नवरदेव पाटावर चढेना. अक्षता वाटून झालेल्या, वाजंत्री गप्प. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामांना गाठून बदलत्या समाजातल्या रूढींविषयी समजावू लागलो. त्यांनी पाठ फिरवली.

शेवटी आई आली. "पाव्हणं," ती म्हणाली, "तुमी दिल्यालं कापड वापरायचं मनच झालं न्हाई. घरात त्याच्याइतकं जपल्यालं दुसरं काय बी न्हाई. तुमचा मान मोठा, मंग दुसरं कुठलं देऊ?"

(असे जपलेले मान तिच्या ट्रंकेत झाकण बसेना इतके होते.)

मामा विरघळले. "आसं व्हय," म्हणत उठले आणि टॉवेल खांद्यावर टाकून भाच्याच्या मागे उभे राहिले. सुमन हसली. लग्न लागलं.

पुढे त्या लेखाबद्दल संपादकांनी माझा जाहीर सत्कार केला. नारळ आणि टॉवेल दिला. त्यांचं भाषण चालू असतानाच मी हळूच कोपरा उलगडून पाहिला. हिरवा टाका होता. कुठून कसा हिंडत आला, देव जाणे! घरी येऊन मी, समाजाचा टीकाकार, तो घडी घालून गुपचूप आईच्या ट्रंकेत ठेवून दिला. पुढच्याच आठवड्यात संपादकांच्या मुलीचं लग्न होतं.