पहिलं नाव सरांचं

"पाया पड त्याच्या," सर म्हणाले. सगळ्या टीमसमोर.

त्याच्या म्हणजे आमच्या सहायक कोचच्या. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये. आदल्या दिवशी माझा गुडघा सुजला. बर्फ लावतो म्हणून त्यानं मला सामानाच्या खोलीत नेलं आणि हात नको तिथं घातला. मी त्याला ढकललं आणि पळत सुटले ते थेट सरांच्या, म्हणजे आमच्या मुख्य कोचच्या, केबिनमध्ये. दुसऱ्या कुणाकडं जाणार? घर मलकापूरला. आणि सर म्हणजे देवमाणूस. सर पेठेतनं चालले की म्हातारी माणसंसुद्धा कट्ट्यावरनं उठून रामराम घालायची. बापानं मला हॉस्टेलवर ठेवलं तेच मुळी सरांच्या शब्दावर.

सरांनी सगळं ऐकलं. पाणी दिलं. "बघतो मी," म्हणाले. त्या रात्री मी निवांत झोपले. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

आणि सकाळी हे. तुझा गैरसमज झालाय म्हणे. गुरूवर आळ घेतलास, माफी माग, विषय मिटला. विद्यापीठाच्या मॅचेस तोंडावर आल्या होत्या आणि पोरींची सगळी तयारी तो करून घ्यायचा. एवढंच कारण. सरांना मी खोटी वाटले असते तर एक वेळ सोसलं असतं. पण त्यांना माझं खरं वाटलं होतं. केबिनमध्ये त्यांचा चेहरा मी बघितला होता की. खरं वाटूनसुद्धा वाकायला लावलं.

वाकले मी. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पोरी खाली बघत राहिल्या. घरी बोलले नाही. बोलले असते तर पहिलं माझंच कॉलेज सुटलं असतं. खेळले, पदक आणलं, त्याच्या जोरावर नोकरी लागली. लोक म्हणाले, सरांची कृपा.

परवा सरांच्या निवृत्तीचा सत्कार होता. जुन्या खेळाडूंनी औक्षण करायचं ठरलेलं. मी गेले. का गेले? सरांवरची माया सुटत नव्हती, दुसरं काय. सर फेटा बांधून खुर्चीत बसलेले. शेजारच्या खुर्चीत तो. दोघांनाही ओवाळायचं होतं. माझ्या हातात ताट दिलं, आणि माईकवर जाहीर झालं की इथून पुढं पोरींची टीम पूर्ण त्याच्याकडं. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

माझ्यामागं आत्ताच्या टीमची कॅप्टन अक्षतांची वाटी घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, त्याला तुम्हीच ओवाळा. मला न्हाय जायचं त्याच्याजवळ."

मी वळून बघितलं. पुढचं काही विचारायची गरजच नव्हती. तरी एक विचारलं. सरांना सांगितलंस?

"सांगितलं की. बघतो म्हणाले."

तेच शब्द. मी ताट टेबलावर ठेवलं. "सर, मी न्हाय ओवाळणार. तुम्हालाबी न्हाय आणि ह्यालाबी न्हाय." समोरच माईक होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "आज नको, पोरी. बापासारखा हाय मी तुझ्या."

"व्हय सर. म्हणूनच पहिली तुमच्याकडं आलते."

कॅप्टनचा हात धरला आणि तिला घेऊन खाली उतरले. तेव्हापासनं फोन चालू आहेत. खाल्ल्या मिठाला जागली नाहीस म्हणतात. जुन्या मैत्रिणी म्हणतात, त्याचं नाव घे, पण म्हाताऱ्या माणसाला कशाला ओढतीस?

उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तिचं ती सांगेल, माझं मी. त्याचं नाव तर येणारच आहे, तो सुटत नाही. पण त्याला मी त्याच दिवशी ढकलून दिलं होतं. मला वाकवलं ते सरांनी. पहिलं नाव सरांचं सांगणार.