घरटी एक माणूस

करंजाड्यात एकटीच राहायला गेले तेव्हा इमारत नवी कोरी होती आणि निम्म्या दारांना बाहेरून कुलपं. गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट. उरलेली बिऱ्हाडं सकाळी कामाला जात, ती रात्री उगवत. मी पनवेलच्या एका शाळेत पर्यावरण शिकवत होते. या विषयाला नुसती श्रेणी, म्हणून पालकांच्या लेखी त्याची किंमत शून्य. मुलं दुकानातून तयार प्रकल्प आणत. त्यावर हिरवी पृथ्वी आणि तिला अलगद धरलेले दोन हात. मला त्या हातांचा भारी राग यायचा. कुणाचे ते? कधी दिसलेत का कुणाला?

एकदा जगाचे नागरिक होण्याबद्दलचा धडा चालला होता. मी विचारलं, जे सगळ्यांचं असतं ते सांभाळायचं कुणी? "सरकारनं!" वर्ग एका सुरात. खाडीकडच्या गावातून येणारी एक मुलगी तेवढी उभी राहिली. "आमचे गावात बांदाला खांड परली का घरटी एक मानूस जातो, बाई. नायतर खारं पानी सगल्यांचे शेतात शिरतं. कोनी नाय बोलत नाय."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. आमच्याकडे ते पडलेलंच होतं. गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि दुपारी नळ कोरडे. पंप बंद करणं हे कुणाचंच काम नव्हतं. मी दारोदार जाऊन सांगितलं, रविवारी सकाळी गच्चीवर जमू, घरटी एक माणूस. सगळे "हो हो, नक्की" म्हणाले. वर्गातही मी फुशारकीनं सांगून टाकलं. खरं म्हणजे पाण्यापेक्षा मला माणसं हवी होती. सातासमुद्रापारच्या लोकांशी नातं कसं जोडावं हे पुस्तकात छापलं होतं, समोरच्या दाराबद्दल एक ओळ नव्हती. त्या घरात माझ्याकडे अजून कुणी चहालासुद्धा आलं नव्हतं.

रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरली, पातेलंभर चहा वर नेला आणि बसले. चहावर साय धरली. खालून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, म्हणजे माणसं घरातच होती. रडू आलं, पण रडायचं तरी कुणासमोर? टाकी वाहायला लागली तशी खाली उतरले आणि पंप बंद केला.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी आलीच. "बाई, तुमचे घरशी कोन गेलतं?"

"मी गेले होते."

तिचं तेवढ्यानं समाधान झालं. मग डबा उघडता उघडता तिनं विचारलं, "मंग तुमी आल्याव भाकर कोनी दिली? आमचा आजा खांड बांदून आला का आजी पयली त्यालाच देते."

"मीच करून ठेवली होती," मी म्हणाले, "जायच्या आधी."

ती खुदकन हसली. तिला वाटलं, बाई गंमत करतायत.