जमिनीला मारणं

आमच्या घरात कोणी पडलं की आधी आरोपी शोधला जातो. मूल पडलं तर फरशी, उंबरा, पाट, जे जवळ असेल ते दोषी. मग घरातलं मोठं माणूस वाकून त्या दोषीला चापट मारतं, "माझ्या लेकराला पाडतीस व्हय गं?" असं दरडावतं, आणि मूल रडायचं थांबून पुढची चापट कधी बसते ते बघत राहतं. मीही असाच वाढलो. मोठेपणी मोटरसायकलवरून घसरलो तेव्हा आधी खड्ड्याला, मग रस्ता करणाऱ्याला आणि शेवटी टायर विकणाऱ्याला शिव्या घातल्या. माझा वेग किती होता हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

माझी मुलगी मात्र फार पडायची. दिवस भरायच्या आधी जन्मली, उशिरा उभी राहिली, आणि चालायला लागली ती कायम कोणाचं तरी बोट धरूनच. बोट सुटलं की तिचे खांदे ताठ व्हायचे, हात बाजूला जायचे आणि सपाट फरशीवरही ती आडवी व्हायची. डॉक्टरांनी पाय पाहिले, कान तपासले, रेघेवरून चालवून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले. ती पडायला घाबरते, घाबरते म्हणून ताठ होते, आणि ताठ होते म्हणून पडते, तेव्हा तिला जरा मोकळं खेळू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. माझी बायको नर्स आहे. ती हेच वर्षभर सांगत होती, पण घरच्या नर्सचं कोण ऐकतं.

जूनमध्ये मुलगी पहिलीत जाणार होती. मोठी शाळा, मोठं मैदान, वर्ग वरच्या मजल्यावर. बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिथे हात धरायला कोणी नसेल. तोवर जमलं नाही तर अजून एक वर्ष इथंच राहू दे तिला." त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, तरी मला ते लागलं. बरोबरची मुलं पुढे जाणार आणि ही त्याच बुटक्या खुर्चीवर बसणार, हे काही डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून उन्हाळ्यात तिला ज्युदोच्या वर्गाला घातलं. सोलापूरच्या पूर्व भागात एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी हा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम शेजारच्याच गल्लीतल्या, विणकरांच्या घरातल्या. पोरांना मराठीत दम द्यायच्या आणि आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन तेलुगूत हळू बोलायच्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मारामारी नको, हिला फक्त तोल सांभाळायला शिकवा.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी पडायला शिकवते."

"पडायला येतंच की तिला," मी म्हणालो. मला राग आला होता.

"येत असतं तर लागलं नसतं."

पहिल्या दिवशी आबाही आमच्याबरोबर होते. आबा म्हणजे माझे वडील. माळशिरसकडे सगळा जन्म मेंढरांमागे गेला. आता मेंढरं भाऊ बघतो. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे सोलापूरला आले ते नातीच्या ओढीनं इथंच राहिले. काठी मात्र गावाकडचीच, खांद्याएवढी उंच. ती घेऊन ते बाकावर माझ्याशेजारी बसले होते.

मॅडमनी मुलीला निळ्या मॅटवर उकिडवं बसवलं आणि छातीला हलकेच बोट लावलं. ती मागे कलंडली, घाबरली आणि भोकाड पसरलं. मी उठेपर्यंत आबा मॅटवर पोचलेही होते, वहाणांसकट. त्यांनी काठी उचलली आणि मॅटला दणका दिला.

"पाडतीस व्हय गं माझ्या नातीला? घे."

सगळा हॉल हसला. मुलगी रडता रडता समाधानानं मॅटकडे बघत होती, आणि मला लाजेनं कुठं तोंड लपवावं कळेना. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी वहाणा काढायला लावल्या, मग म्हणाल्या, "आजोबा, मारायचं बरोबर आहे. पण तुम्ही नाही, हिनं मारायचं. आणि पडून झाल्यावर नाही, पडता पडता."

"म्हंजी?"

मॅडम स्वतः मागे पडल्या. हनुवटी छातीला टेकवली, पाठ गोल केली, आणि पाठ टेकते न टेकते तोच दोन्ही हात पसरून तळवे मॅटवर आपटले. फाटकन आवाज झाला. लगेच उठून बसल्या.

"हात आधी बसला की डोकं वाचतं," त्या म्हणाल्या. "आता इथून पुढे बाकावरच्यांनी जमिनीला मारायचं नाही. ते तिचं काम."

आबा परत येऊन बसले. "लई कडक हाय बाई," एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून वर्ग चालू असताना काठी मांडीखाली दाबून बसू लागले. मुलगी पडली की हात आपोआप काठीकडे जायचा, हे त्यांनाही कळत होतं.

आठवडाभर काहीच जमलं नाही. ती मॅडमच्या पट्ट्याला लोंबकळून राहायची. घरी येताना मी मनात वर्गाला, मॅडमना आणि त्या डॉक्टरांनाही बोल लावत असे. बायको म्हणाली, "एवढा महिना तरी गप्प बस." मग मी गप्प बसलो आणि बाकावर बसून विचार करण्याखेरीज काही काम उरलं नाही. तेव्हा एक गोष्ट मला दिसायला लागली. आम्ही एवढ्या प्रेमानं तिच्या वतीनं जमिनीला मारत आलो, त्यातून ती काय शिकली असेल? जमीन वाईट आहे, संधी मिळाली की पाडते, आणि तिला मारायला मोठं माणूस जवळ लागतं. हे ज्या पोरीनं मनापासून खरं मानलं, ती बोट सोडणार तरी कशी? पाऊल तर त्या जमिनीवरच टाकायचं. आम्ही कोणी हे मुद्दाम केलं नव्हतं. आबांच्या आईनं आबांसाठी केलं, आबांनी माझ्यासाठी. त्यात माया होती आणि ती मला आजही खोटी वाटत नाही.

मग एका दुपारी घरात फाटकन आवाज आला. मी धावत गेलो तर गादीवर दुहेरी चादर अंथरून मुलगी आपणहून मागे पडत होती आणि तळवे आपटत होती. आबा कॉटवर बसून "हान, आजून जोरात हान" म्हणत होते. संध्याकाळपर्यंत तिचे तळवे लाल झाले. वर्गातही फरक पडला. मुलं जोडीनं एका पायावर उभी राहून एकमेकांना ढकलायची, त्यात ती सगळ्यांआधी पडायची आणि पडून हसायची. पण हॉलबाहेर पाऊल टाकलं की लगेच माझं बोट हवं. मॅटवरची जमीन वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी, असं काहीतरी तिच्या डोक्यात असावं. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि बालवाडीच्या बाईंना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो होतो.

त्याच दिवसांत एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही तिघं कंबर तलावाकाठी फिरायला गेलो. ऊन चढायचं होतं. ती माझं बोट धरून चालत होती, आबा एक पाऊल मागे. पुढे तिच्या वर्गातली एक मुलगी दिसली. त्या मैत्रिणीनं हाक मारली, आणि माझं बोट कधी सुटलं ते मला कळलंच नाही. ती पळत सुटली. पाचदहा पावलांवर एक पेव्हर ब्लॉक उखडून वर आला होता. त्याला तिचा पाय अडकला.

तळवे आपटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी जागेवर थिजलो. आबा मात्र या वयातही माझ्याआधी पोचले, आणि काठी वर गेली.

ती उठून बसली होती. एका तळव्याला खरचटलं होतं, डोळे भरले होते. तिनं तळव्यावर फुंकर घातली आणि वर बघितलं.

"तुमी नका मारू, आबा," ती म्हणाली. "मी मारलं."

आणि उठून मैत्रिणीकडे पळत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. माझं बोट अजून तसंच पुढे होतं. आबांची काठी वरच राहिली होती. ती त्यांनी हळूच खाली घेतली, टेकवली आणि "चला" म्हणून पुढे निघाले.

मी त्या उखडलेल्या ब्लॉककडे बघितलं. एक शिवी अगदी ओठांवर आली होती. ती गिळली आणि त्या दोघांच्या मागून चालायला लागलो.