परक्या घरी गेलेला पाळणा

इंटरनेटवरून गाणी उतरवून घेण्याचं सॉफ्टवेअर मी घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं, म्हणजे ते विचारील त्या प्रत्येक प्रश्नाला न वाचताच 'हो' म्हणत गेलो. लग्नानंतर लागलेली सवय! पहिलं गाणं येऊ लागलं आणि खाली दिसलं की, त्यातल्या कुठल्याशा 'हो'मुळे आपल्याकडूनही काहीतरी बाहेर जातंय. लेकीच्या बारशाला बायकोने म्हटलेला, मी रेकॉर्ड करून ठेवलेला पाळणा कुणी अनोळखी माणूस ओढून घेत होता.

"अहो, थांबवा ना! त्यात नाव आहे तिचं!" बायको ओरडली.

मी वायर उपटली, पण तोवर पाळणा पुरा गेला होता.

चोरीची वस्तू निदान घरातून नाहीशी तरी होते. हा इथंच होता आणि तिथंही. कुठल्याशा घरात आत्ता बायकोचा आवाज आमच्या लेकीला नावाने बोलावत असेल, आणि तिथं कुणीतरी 'ओ' देत असेल.